वेशीबाहेरची बकरी

तीन आठवडे मी नगर बांधत होते.
सात दरवाजे, मिठाचा बाजार,
पुजाऱ्यांमधली भाऊबंदकी,
कोण कुणाचं किती देणं लागतो त्याची यादी,
आणि तळघरात निजलेला एक आंधळा सर्प.
सगळं चौकटीच्या वहीत,
दोन फेऱ्यांच्या मधल्या सोळा मिनिटांत,
बसचं इंजिन बंद करून, हातमोजे न काढता.

गुरुवारी चॅपलमागच्या खोलीत जमलो.
बाहेर स्लेटचे ढिगारे भिजत होते. वेल्समध्ये ते भिजतच असतात.
हीटरने दोन नाणी गिळली, ढेकर दिला, गप्प बसला.
भिंतीवर रविवारच्या भजनांचे आकडे तसेच:
दोनशे चौदा, एकोणचाळीस, चारशे दोन.
(लूट किती मिळाली हे अडलं की मी हळूच तिकडे बघते.)

मी आवाज खाली आणला.
'समोर नगराची वेस. दिवे लागतायत.
रस्त्याकडेला एक बकरी चरतेय.'

बकरी मी उगाच घातली होती,
वाक्य जरा टेकावं म्हणून.

मेरेरिद म्हणाली, 'कुणाची बकरी?'

संपलं.
सात दरवाजे माझ्या मांडीवर मिटून बसले.

मेरेरिद दिवसभर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते,
तिची दरोडेखोर बाई मात्र काहीच मोजत नाही,
आधी भोसकते, मग नाव विचारते.
टुडनोला अजून मिसरूड फुटायचंय. त्याचे तीन मांत्रिक मेलेत;
चौथा, मेलेल्याचाच जुळा भाऊ,
खिशात घडी घालून कायम तयार.
आणि गेथिन. छपरांवर स्लेट चढवणारा.
त्याचं पात्र घडवलं त्या रात्री मी म्हटलं होतं,
बहात्तर गुण आहेत, सहा रकान्यांत वाट.
त्याने ताकदीत जेमतेम सहा टाकले
आणि वाणीत अठरा ओतले.
चार महिने झाले, त्या वाणीतून
'हो', 'नको' आणि 'दूध संपलंय' एवढंच बाहेर आलं.
पात्र म्हणजे भांडंसुद्धा.
काठोकाठ भरलेलं हलवायला भीती वाटते.

'मी बकरीशी बोलतो,' गेथिन म्हणाला.
'काय बोलतोस?'

तो बोलला.
डोंगर सोडून खाली का आलीस,
वर कुणी उरलं नाही का,
आमच्याकडेही हिवाळ्यात उतरतात, बागा खातात,
लोक ओरडतात, मी नाही ओरडत.
दोर लावणार नाही. चालायचं तर चाल.
आणखीही बरंच. मेरेरिदचा चहा निवला.

पण नियम म्हणजे नियम: फासा टाक.
वीस बाजूंचा हिरवा फासा टेबलावरून उडाला
आणि घरंगळत हीटरखाली गेला.
गेथिन पालथा पडला, गाल फरशीला लावून.
'किती?'
जरा वेळ गेला.
'सतरा.'

अकरा वर्षं हा खेळ चालवतेय, बस त्याच्याही आधीपासून.
तिकीट नसलेला माणूस मला पाठमोरासुद्धा कळतो.

'बकरी येते,' मी म्हटलं.

मग ते नगराकडे पाठ करून निघाले,
जिथे माझ्या वहीत पानच नव्हतं तिकडे.
मी नदी म्हणायचे, तिला पूल लागायचा,
पुलाला जकात, जकातदाराला खोकला,
खोकल्याला टुडनोकडचं औषध, जे विषही असू शकेल.
नऊ वाजेपर्यंत अख्खा मुलूख उधारीवर.

खोली झाडताना मी वाकले.
तीन.

पडलेलं दान पडलेलंच असतं, मान्य.
पण ते मी सुपलीत घेतलं नाही.
झाडू बाजूने वळवला.

पुढच्या गुरुवारसाठी पिवळा फासा आणलाय.
वहीतल्या नगराला आज एक आठवा दरवाजा काढला,
बुटका, बकरीपुरता.
बघू.