दुसऱ्या पाळीनंतरचा रस्ता

पगार चार हजार सहाशेनं वाढला.
पत्रात तेवढंच होतं, खाली सही,
त्याखाली 'अंबड, नाशिक' आणि रुजू व्हायची तारीख.
बल्लारपूर स्टेशनवर प्रफुल्ल म्हणाला,
तिकडची हवा चांगली, चिनूच्या छातीला बरी.
हवेचं भाडं किती, ते त्याला ठाऊक नव्हतं.
तो आणि चिनू मार्चपर्यंत तिकडेच,
मिलचं कंत्राट संपेतो.

आहेर एजंट. पांढरी स्कूटर, कानात अत्तराचा बोळा.
रविवारी सकाळी गंगापूर रोडला
त्यांनी मला बाल्कनी दाखवली, बाल्कनीतून दिसणारी
समोरची बाल्कनी दाखवली. बावीस हजार.
'मॅडम, वस्ती बघा.'
बघायला बाहेर कुणीच नव्हतं,
एक वॉचमन, आणि दोरीवर वाळत घातलेला
कुत्र्याचा स्वेटर.

म्हसरूळला खोल्या ऐसपैस, पण कंपनी
शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.
पाथर्डी फाट्याला अकरा हजारांत नवी फरशी,
लिफ्टच्या बटणांवर अजून प्लास्टिक.
खालचा रस्ता व्हायचाय.
'होईल,' आहेर म्हणाले,
लग्न न जमणाऱ्या पोराबद्दल म्हणावं तसं.
शाळेची व्हॅन कुठवर येते विचारलं
तर त्यांनी हायवेकडे हात केला
आणि हात बराच वेळ तसाच ठेवला.

सिडको शेवटी. उत्तमनगरच्या मागची गल्ली,
पहिला मजला, साडेआठ हजार.
कपाट उघडायचं तर पलंग सरकवायचा.
'हे नुसतं दाखवतोय,' ते म्हणाले, 'तुमच्या लायक नाही.'
जिन्याखालच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं :
इथे गाडी लावू नये. बॅटिंग चालू आहे.

सगळी घरं त्यांनी उन्हात दाखवली.
मी ज्या वेळी घरी येणार
ती वेळ त्यांच्या स्कूटरवर बसत नव्हती.

म्हणून सोमवारी, दुसरी पाळी सुटल्यावर
पाथर्डी फाट्याला उतरले.
भिंत. प्लॉट. भिंत. दिवा नसलेला खांब.
किल्ली बोटांच्या मधे धरून चालले
आणि अर्ध्यातून वळले.

मंगळवारी कंपनीच्या बसनं त्रिमूर्ती चौकात सोडलं.
मेडिकलचं शटर अर्धं खाली.
भुर्जीच्या गाडीवर दोघं जण
कुठल्याशा मेव्हण्यावरून भांडतायत.
पोळीभाजी केंद्राचा ओटा धुणाऱ्या बाईंनी
फडकं थांबवून विचारलं,
'नवीन दिसता. कुणाकडे?'

हा प्रश्न मला दुपारी मुळीच आवडत नाही.
रात्री पावणेबाराला मी त्याचं पूर्ण उत्तर दिलं :
नाव, गाव, खातं, मुलीची यत्ता.
त्या पगारेबाई. त्यांनीही काही लपवलं नाही.
पाणी पहाटे पाचला, तेही अर्धा तास.
टाकी गळते. वरचे भाऊसाहेब पितात,
पण पिऊन गुपचूप झोपतात.
वारा अंबडकडून फिरला की कधी कधी
रंगाचा वास येतो, खिडकी लावून घ्यायची.
मुलांचे डॉक्टर कोपऱ्यावर, दहापर्यंत बसतात,
नंतर बेल वाजवली तर शिव्या देतात
आणि खाली येतात.

वहीत भाडं, डिपॉझिट, व्हॅन, रिक्षा
असे रकाने आखले होते.
या गोष्टी कुठल्या रकान्यात घालाव्यात
कळेना, म्हणून मागच्या पानावर लिहिल्या.
पान भरलं.

करार अकरा महिन्यांचा.
कलम सात : भिंतीला खिळा ठोकू नये.
मी भामरेंना म्हटलं, एक हवा,
मुलीच्या वेळापत्रकासाठी.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
'एकच. आणि जुन्या भोकात.'

ते शोधत भिंतीवरून हात फिरवला.
सापडलं तेव्हा खाली वाकावं लागलं.
तिसरीतल्या मुलीच्या डोळ्यांइतक्या उंचीवर होतं.

रात्री प्रफुल्लचा फोन. हवा कशी आहे?
म्हटलं, शेजारी ठेचा परततायत,
आणि शिंकले.