प्रभाव, तीनशे शब्दांत

विद्यापीठाचा फॉर्म आलाय.
डॉ. ऑड्री टेलफर्ड यांच्या संशोधनाचा प्रभाव
तीनशे शब्दांत लिहा. पुरावे जोडा.
बाई आता ब्याऐंशीच्या, पडद्याकडे बघवत नाही त्यांना,
म्हणून तो माझ्याकडे आलाय,
त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीकडे, मूळच्या कराडच्या,
जिला तेव्हा गवताला गवत म्हणण्यापलीकडे
काही येत नव्हतं.

ऑल्स्टनच्या वरच्या अंगाला, दगडी गडग्यांच्या आत
पीअर्टांचं एक कुरण. सव्वादोन एकर.
एकतीस उन्हाळे बाई तिथे गुडघ्यांवर होत्या.
मीटरभर लांबरुंद अ‍ॅल्युमिनियमची चौकट
गवतावर ठेवायची, आत जे जे उगवलंय ते मोजायचं,
चौकट उचलायची, पुढे सरकायचं.
एवढंच. खरंच एवढंच.

त्यात एक वीतभर झाड, पिवळ्या फुलांचं.
वाळलं की बोंडात बिया वाजतात.
मी पहिल्याच दिवशी त्याला घागरी म्हटलं.
आमच्या माळावरच्या घागरीशी त्याचं नातं नाही,
पण कानाशी धरलं तर आवाज तोच.
बाईंनी वहीत लिहून घेतलं, रोमन लिपीत,
स्पेलिंग चुकवून.
मातीखाली ते शेजारच्या गवताच्या मुळांना डसतं,
त्यांच्या तोंडचा घास काढून घेतं.
माजलेलं गवत खंगतं, फटीतून ऊन तळाला पोचतं,
आणि इतकी वर्षं ताटकळलेलं काहीबाही
डोकं वर काढतं.

सातव्या वर्षी थोरला पीअर्ट गडग्याला टेकून म्हणाला,
"ते वाजलं की कापायचं.
माझ्या आज्यालाही ठाऊक होतं, बाई."
बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं निबंधात घातलं, नावानिशी.
परीक्षकाचा शेरा आला: हा स्रोत काढावा.
बाईंनी निबंधच काढून घेतला.
अडीच वर्षांनी एका बारक्या नियतकालिकात तो छापून आला,
पीअर्टसकट.
आजवर एकोणीस जणांनी त्याचा दाखला दिलाय.
त्यातल्या सहा मी.

चौकट उतारावर सपाट कशी धरावी
यावर बाईंनी कधीतरी एका पावसाळी दुपारी
दोन पानी टिपण लिहिलं होतं.
त्याचे दाखले दोन हजार नऊशे चौदा.
फॉर्मला तेच आवडेल.

वह्या चाळताना एक पान कोरं सापडलं.
लाळ-खुरकुताच्या साथीचं साल, रस्ते बंद, कुरण बंद.
मी म्हटलं होतं, मधला आकडा अंदाजाने बसवता येतो,
सॉफ्टवेअर बसवून देतं.
बाईंनी चष्मा काढला.
"त्या साली पीअर्टांच्या दावणीला एक जनावर उरलं नव्हतं.
पान कोरं आहे ते बरोबर आहे."
पुन्हा मी तो विषय काढला नाही.

काल संध्याकाळी वर गेले होते.
नॉर्मन, म्हणजे धाकटा पीअर्ट, आता स्वतःच म्हातारा.
गवत कापायला म्हणून ट्रॅक्टर फाटकाशी आणला,
इंजिन बंद केलं, उतरला,
एक बोंड तोडून कानाशी हलवलं.
त्याला हल्ली ऐकू येत नाही.
नातीला हाक मारली. ती तोंडातलं बिस्कीट न संपवता आली,
डोळे मिटून ऐकलं,
आणि मान हलवली: अजून नाही. चार दिवस.
ट्रॅक्टर उलट्या पावली शेडमध्ये.

फॉर्मला पुरावा फक्त पीडीएफमध्ये चालतो.
मी बसले आहे, शब्द झालेत शहाण्णव.

रात्री बाईंना फोन केला, सगळं सांगितलं,
नॉर्मनचे कान, बिस्कीट, चार दिवस.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग कागद उलटल्याचा आवाज.
"गेल्या वर्षीपेक्षा दोन दिवस उशीर," त्या म्हणाल्या.
"पोरीचं नाव काय? नावासकट लिही."