आई आई

लोकमान्यनगरात, मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये
रविवारी साडेआठ ते दहा.
सतरंज्या मी घालतो, फळा मी पुसतो,
विभक्तीचा तक्ता शनिवारी रात्रीच काढून ठेवतो,
स ला ते, स ला ना ते.
बँकेत चौतीस वर्षं हिशेब जुळवला.
हा मात्र जुळत नाही :
पटावर तेवीस, सतरंजीवर नऊ,
त्यातली दोन पेंगत,
आणि एक लविश चौकसे.
त्याच्या घरात मराठी कुणालाच येत नाही.
तो निनादबरोबर येतो, चिवड्यासाठी.
तसं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"काका, आम्ही शिकून राहिलोय ना," मृणाल पागे म्हणते.
"शिकतोय," मी म्हणतो.
"हां, तेच. शिकून राहिलोय."

खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत जाते.
पोरं तिच्याबरोबर अख्खं गाणं म्हणतात,
एक शब्द न चुकता,
कुणीही न शिकवता.
हे मला लागतं.

त्या रविवारी तृतीयेपाशी गाडी अडली होती.
लविश भिंतीवरची जुनी पाटी
बोट फिरवत वाचत होता :
उशिरा येणाऱ्यास शिक्षा होईल.
"काका, म्हणजे जो लेट येईल
त्यालाच शिकवणार?
आणि जे टायमावर येतात, त्यांना?"

आधी निनाद हसला.
मग पेंगणारी दोघं जागी झाली,
काय झालं, काय झालं विचारत.
मी छडीसारखा धरलेला खडू
खाली ठेवला.
"खाली!" मृणाल ओरडली. "खाली पण!
आमच्याकडे जिना उतरला की खाली,
यांच्याकडे डबा संपला की खाली."
निनाद तबला शिकतो, म्हणाला,
"गुरुजींनी विचारलं, राग येतो का?
मी म्हटलं नाही, मी शांत आहे."
मग मीही एक दिला :
पुण्याहून नवी आलेली माझी वहिनी,
गॅसच्या दुकानात मालक तिला अदबीनं म्हणाला,
मैं पूरी चेष्टा करूँगा,
आणि ती रिकाम्या सिलिंडरसकट घरी परतली,
रडत.

तक्ता गुंडाळला गेला होता, आपोआप.
कुणीतरी तो उलटा करून
मागच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहायला घेतले,
वेड्यावाकड्या अक्षरात, दोन-दोन खाने पाडून.
मी सतरंजीवर बसलो.
गुडघा दुखला, पण बसलो.
इथून फळा फार उंच दिसतो,
हे मला माहीत नव्हतं.

ओजस तेवढा खिडकीपाशी.
जूनपासून तो तिथेच बसतो,
विचारलं तर मान हलवतो.
त्याची आई एमवायमध्ये नर्स,
रात्रपाळी सुटली की त्याला न्यायला येते,
कधी दहाला, कधी साडेअकराला,
कधी शेजारच्या काकूच येतात.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटी वळली.
"आई आई," तो म्हणाला.

अर्ध्या वर्गाला वाटलं, हाक मारतोय.
अर्ध्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
माझ्या तोंडाशी आलंच होतं,
आई आली म्हण, बाळा, आली.
चौतीस वर्षांची सवय, बोट खोट्या आकड्यावर जातं.
तेवढ्यात लविश, चिवड्याचा सौदागर,
तक्त्यापाशी सरकला, हळूच लिहिलं :
आई. इकडे माँ, तिकडे आ गई.
"काका, इसमें तो दोनों सही है."
मग जरा थांबून, जीभ वळवत,
"दोन्ही... बरोबर."

त्याचं पहिलं मराठी वाक्य.
मी दिलेलं नाही.

ती वर आली. डोळे तांबडे, केसांत पिन तिरकी.
ओजसनं तिला हाताला धरून तक्त्यापुढे नेलं
आणि बोट ठेवून वाचून दाखवलं,
दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत.
तिला काही नीट कळलं नाही बहुतेक.
झोप आली होती. हसली.

पुढच्या रविवारी अकरा जण आले. एवढंच.
तृतीया अजून व्हायची आहे,
चतुर्थी तर लांबच.
मंडळाचे चिटणीस विचारतात, कुठवर आलं?
लविश चिवडा अजून दोनदा घेतो.

ओजसची वही माझ्याकडे आहे, तपासायला.
पहिल्या पानावर दोनच शब्द.
लाल पेनचं टोपण काढून
मी केव्हाचा बसलोय.