चौदा नंबर

मौद्याच्या पुढे, कालव्याच्या शेपटाला,
जिथे पाणी पोचायच्या आत पाळी संपते,
तिथे कौतिका ठवकरच्या दोन बांध्या.
वरची बरड, खालची जराशी खोलगट.
तीन वर्षं झाली, मी तिथे जातो :
चार खुंट्या, सुतळी, स्प्रिंगचा काटा
आणि नागपूरच्या ऑफिसातली छापील वही.

पहिल्या वर्षी पाऊस रीतसर पडला.
चौदा नंबरचं वाण एकरी बारा पोत्यांवर थांबलं.
धुऱ्यापलीकडे हटवारांच्या जुन्या धानानं पंधरा दिली.
"सरकारी वाण, सरकारी मदतीवानी,"
देवाजी हटवार म्हणाले, "येते, पण पुरत नाई."
मीही हसलो.
वहीत लिहिलं : तीन पोती उणे.

दुसऱ्या वर्षी रोवणा आटोपला
आणि सव्वीस दिवस आभाळ नुसतं पांढरं.
बांधीच्या भेगेत माझा पेन पडला,
काढायला मनगटापर्यंत हात घालावा लागला.
आत माती अजून थोडी गार होती.
चौदा नंबरला ते ठाऊक असावं.
त्यानं पानं गुंडाळून घेतली,
पोरं गोधडी ओढतात तशी,
आणि खाली, कुणाला न दिसता, मुळं लांबवली.
हटवारांच्या लोंब्या निसवतानाच पोचट झाल्या.
त्यांनी उभ्या धानात गाई सोडल्या.
पलीकडे बघितलं नाही.
कौतिकाकडे सात पोती.
सात म्हणजे काही फार नव्हेत.

परतीच्या बसमध्ये बेरीज केली :
इकडे एकोणीस, तिकडे पंधरा.
साहेब म्हणाले, दोन वर्षांवरून काही सिद्ध होत नाही.
खरंच आहे. होत नाही.

यंदा ज्येष्ठात गेलो तर तिची ढोली रिकामी.
पोटात धस्स झालं.
दरवर्षी पोळ्यापर्यंत चार पोती ती विकत नसे,
सोंडे लागले तरी. भीतीचं धान ते.
भाव चढो, उतरो, हलायचं नाही.

"इकून टाकले चैतातच," ती म्हणाली.
त्या पैशांत शेणखताच्या दोन ट्रॉल्या,
रोवण्याच्या बायांना आगाऊ मजुरी,
आणि खालच्या बांधीत, मी वाकून ओंजळीत बी बघितलं,
हटवारांचंच जुनं धान. ते खादाड, ते पंधरा पोत्यांचं.

"बाई, हे कसं?"
"वरच्या बांधीत चौदा नंबर हाये ना.
ते उपाशी नाई ठेवत.
मंग खालचीले जरा उडू द्या ना, साहेब."

वहीत रकाने आहेत :
उंची, फुटवे, दाण्यांचं वजन, पावसाचा खंड.
हिला द्यायला एकही नाही.
शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलं :
ढोली रिकामी.

ऑफिसात कुणी वाचलंच, तर म्हणेल
अरेरे, दुष्काळ.