डावीकडची तार

मिंगेलनं चिऱ्याच्या भिंतीवर खडूनं रेघ ओढली,
टीव्हीच्या जागेपासून खिडकीखालून
सोफ्याच्या मागे,
आणि विचारलं, बाय, पाच की सात?

छत्तीस वर्षं खाणीच्या ऑफिसात हिशेब लिहिलेत मी.
आकड्याला घाबरत नाही.
पण तारेचा आकडा उलटा चालतो:
सोळापेक्षा चौदा जाड, चौदापेक्षा बारा.
कमी लिहा, जास्त मिळतं.
असा धंदा डिचोलीत कुणी केल्याचं ऐकलं नव्हतं.

म्हापशाच्या दुकानात दोन गुंडाळ्या पुढे आल्या.
दिसायला जुळ्या, एक निम्म्या भावात.
मी पर्समधली नखांची कातर काढली, तार खरवडली.
तांब्याखाली पांढरं.
दुकानदार पंख्याकडे बघत राहिला.
घेतली ती दुसरी. चौदा गेज, आतबाहेर तांबं, शंभर मीटर.
पावती फाइलला लावली आहे.

विजेची तार आणि आवाजाची तार
एका खाचेत घालायची नाही, मिंगेल सांगतो.
हातभर अंतर.
एकमेकींना आडव्या गेल्या तर चालतं,
सोबत चालल्या की कुरकुर सुरू.
मला माझ्या दोन्ही जावा आठवल्या.
हसले नाही, कारण धाकटी आत चहा करत होती.

छिन्नी लागली तसा चिरा तांबडा झडू लागला.
दिव्यावर, टेबलावरच्या कापडावर, यांच्या भुवयांवर.
अगदी असेच यायचे घरी,
बार्जवरून, पहाटे,
आमोण्याहून खनिज मुरगावला पोचवून.
सत्तावीस वर्षं इंजिनाला डावा कान लावून होते.
इंजिन आता भंगारात गेलं.
कान त्याच्याबरोबर.

मागची उजवी खाच झाली.
डावीकडे मात्र खडू भिंतीला टेकून थांबला.
मिंगेल माझ्याकडे बघेना.
म्हणाला, ही नाही घातली तरी चलता, बाय.
अकरा मीटर वाचतील.
स्पीकरही वाचेल एक.

हिशेब बरोबर होता.
मी तो तपासला आणि
त्यात चूक शोधत राहिले.

उल्हासबाब, तुम्हीच सांगा, मिंगेल ओरडून म्हणाला,
उजव्या बाजूला येऊन.

हे उठले. मधली प्लास्टिकची खुर्ची उचलली,
फिरवली, पडद्याकडे पाठ करून बसले.
समोर फोडलेली भिंत.
आता ती उजवी झाली, म्हणाले.
आणि पडदा कोण बघणार?
तू सांग ना, काय चाललंय ते.

चाळीस वर्षांत मी यांना
पूर्ण गोष्ट कधी सांगू शकलेले नाही,
शेवट आधी सांगून टाकते.
हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

संध्याकाळपर्यंत तार आत गेली.
शेजारी एक रिकामी नळीही, इंचभर जाड,
तिच्यात नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना गाठ.
कशासाठी ते आज माहीत नाही.
मागीर वणत फोडची पडची ना, एवढंच मिंगेल म्हणाला
आणि अस्नोड्याची शेवटची बस गाठायला पळाला.

गिलावा उद्या.
त्याआधी मी टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढला,
जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती,
आणि वहीत ओळी आखल्या.
पुढची डावी: चार मीटर साठ.
पुढची उजवी: पाच दहा.
मागची उजवी: नऊ मीटर चाळीस.
मागची डावी: अकरा मीटर वीस.
शेवटचा रकाना, कारण.

बाकीच्या तिघींपुढे 'गरजेची' असं लिहून झालं.
चौथीपुढे पेन थांबलं.
रकाना कोरा सोडायची सवय नाही मला.
आतून यांचं घोरणं येत होतं,
उजव्या कुशीवरचं,
चांगला कान उशीत दाबून झोपलेल्या माणसाचं.

लिहिलं:
खुर्ची फिरवता येते.