दोनशे प्रतींतला ळ

बंबई बाजारात, जिथे लग्नपत्रिका छापतात
आणि दवाखान्यांची लेटरहेडं,
तिथे आमच्या 'उसनवार'चा तिसरा अंक छापून झाला.
अठ्ठेचाळीस पानं, दोन पिना.
मुखपृष्ठ एकाच रंगात,
दुसऱ्या रंगाचे सतराशे मागितले होते.
प्रूफाचे अडीचशे. तेही आम्ही वाचवले.

गठ्ठा स्कूटरवर पायाशी ठेवून
हेरंब रेशीमवाले निघाला
आणि रीगलच्या सिग्नलवर त्याला राहवलं नाही,
एक प्रत उघडली.
मग मला फोन. आवाज असा
की वाटलं, कुठेतरी धडकला.

सबंध अंकात एकही ळ नव्हता.

दिलावरभाईंनी बारा रात्री पानं लावली होती,
पत्रिकांचं काम उरकल्यावर, अर्ध्या पैशात,
आमच्या हस्ताक्षरांवरून.
त्यांच्या बोटांना ती कळ माहीत नव्हती.
"दीदी, वो गाँठवाला अक्षर,
मुझे लगा लिखनेवाले की आदत है."

तर आमच्या अंकात
बाळ झोपलं नव्हतं, बाल झोपलं होतं.
एक म्हातारा विहिरीतला गाल उपसत होता.
रतलामच्या गाडीत कुणाची तरी वेल निघून गेली होती, कायमची.
आम्ही हसलो, खूप हसलो,
तो संपादकीय येईपर्यंत.
मी ठासून लिहिलं होतं, आमची मुळं इथल्या मातीत आहेत.
छापलं होतं, आमची मुलं इथल्या मातीत आहेत.
माझी दोन. दोघांनाही ते वाक्य वाचता येत नाही,
ना चुकीचं, ना बरोबर.

टिळकनगरच्या गच्चीवर आम्ही सहा जण बसलो,
काळी जेल पेनं, एकेका ल च्या पोटात एकेक गाठ.
हेरंबनं गुणाकार केला: एका प्रतीत सहाशे अकरा,
गुणिले दोनशे.
पेन खाली ठेवून तो बराच वेळ टाकीकडे बघत राहिला.
मग ठरलं, फक्त कविता दुरुस्त करायच्या.
कथांनी आपलं आपण सांभाळून घ्यावं.
कुणाच्या तरी बोटांना शेवेचं तेल होतं,
ते पान एकवीसवर अजून आहे.

ओजस्विनी सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांची,
तिची ही पहिलीच छापलेली कविता.
शेवट असा होता:
घर बदलताना डब्याच्या तळाशी सापडली
आईच्या हातची एक ओळ.
आता तिथे होतं,
आईच्या हातची एक ओल.
मी पेन टेकवणार, तिनं मनगट धरलं.
"राहू द्या. ओळ मी परत लिहीन कधीतरी.
हे मला सुचलं नसतं."

पण मग ती कोपऱ्यात बसून राहिली रात्री दीडपर्यंत,
दोनशे प्रती मांडीजवळ घेऊन,
आणि पान चौतीसवर, कवितेच्या खाली,
फक्त आपल्या नावाला गाठ मारत गेली.
शाळेच्या दाखल्यावर पिंगले, आधारवर पिंगले,
बँकेत, लायब्ररीत, परीक्षेच्या प्रवेशपत्रावर.
इथे पिंगळे.
एकशे सत्तराव्या प्रतीनंतर तिचा ळ
जरा वाकडा व्हायला लागला,
चालत्या माणसासारखा.

खजुरी बाजारात एका दुकानदारानं
गाइडांच्या मागे दहा प्रती ठेवून घेतल्या,
सहा विकल्या, एक कुणी उचलून नेली.
ती चोरी आम्ही साजरी केली.

परवा दिलावरभाईंचा फोन.
"दीदी, गाँठ का बटन मिल गया.
चिट चिपका दी है उस पर.
अगला अंक कब ला रही हो?"
पलंगाखाली अजून एकशे चौतीस प्रती,
हेरंबचे बाराशे द्यायचेत.
मी म्हटलं, वेळ लागेल.
"हाँ हाँ," ते म्हणाले, "वेल. लगने दो."

मी दुरुस्त करणार होते.