पुकारा

काकांनी हयातीतच घर ट्रस्टच्या नावे केलं.
ते गेले, आणि तेराव्याच्या आत
विश्वस्त धारणकर सीए चावी देऊन गेले.
एक सही. चहासुद्धा घेतला नाही.

अण्णांचं मात्र मृत्युपत्र.
सीबीएसजवळच्या कोर्टात प्रोबेटचा अर्ज,
पेपरात जाहीर नोटीस,
साक्षीदार नाशिकरोडच्या प्रेसमधले सोनकांबळे,
त्यांना ऐकू कमी येतं.
पुढची तारीख. पुन्हा पुढची.

वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.
पण दर तारखेला पट्टेवाला
अण्णांचं पूर्ण नाव पुकारायचा
आणि मी उठून उभी राहायचे.

काकांचं नाव उताऱ्यावरून
सात वर्षं आधीच उतरलं होतं.
दारावर पाटी तीच,
पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी म्हणायचे,
थांब, धारणकरांना विचारतो.